रानपिंगळ्याच्या मुलखात
(तोरणमाळच्या सहलीपूर्वी ट्रस्टच्या सभेत केलेले भाषण)



येत्या शनिवारी आपल्यातली काही मंडळी पक्षी पाहण्यासाठी तोरणमाळास निघणार आहेत. पुष्कळांनी मला विचारले, ‘कावळे-पारवे उधन्यात का थोडे आहेत? त्यासाठी सातपुडा कशाला चढायचा?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एक वीतभर पक्षी आहे, आणि तो आपल्याच मुलखातला आहे.

आपणांपैकी बरीच घरे नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांतून ताप्ती लाईनने इकडे आली. लग्नकार्याला, यात्रेला आपण गावी जातो, लूमची पाळी चुकू नये म्हणून लगोलग परततो. गावामागच्या डोंगराकडे पाहावयास सवड कोणाला? त्या डोंगराच्या पायथ्याशी रानपिंगळा राहतो.

१८७२ साली ब्लेविट नावाच्या गृहस्थाने आजच्या छत्तीसगड भागात हा पक्षी प्रथम मिळविला आणि पुढल्या वर्षी ह्यूमसाहेबांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे आलेले ते हेच ह्यूम. नंतर डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी नाहीसाच झाला. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने, आणि जिवंत एकही कोणास दिसेना.

आता सुरतकरांनी कान द्यावा. या सातांपैकी एका नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘मांडवी, १९१४’ असे लिहिलेले होते. मांडवी म्हणजे तापीकाठची, आपल्या शेजारची. कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रजाने तो पक्षी तेथे मारला, असा त्याचा दावा. त्या चिठ्ठीवर विसंबून नंतरच्या शोधकांनी नको त्या ठिकाणी दिवस घालविले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा निघाले असे की, तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. कर्नलसाहेबांनी तो चोरून, आतले भरण बदलून, नवी चिठ्ठी बांधली होती! मोठ्या माणसाची सही असली म्हणजे कागद खरा, असे समजणारे साहेबलोकांतही असतात तर.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर उरला तो डेव्हिडसनचा खानदेश. रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळून रिकाम्या हातांनी शहाद्यास आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर, किंग यांना तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटात, ठाण्याकडील तानसा अभयारण्यात आणि आपल्या जवळच्या डांगातील पूर्णा अभयारण्यातही आढळला. तरीही जगात तो एवढ्या मध्य भारताच्या पट्ट्यातच आहे. दुसरीकडे कोठेही नाही.

घुबडाला आपण दिवाभीत म्हणतो. हा मात्र दिवसाढवळ्या शेंड्यावर बसून ऊन खातो आणि सकाळीच शिकार करतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात; याचे डोके जवळजवळ कोरे, पोट स्वच्छ पांढरे, पाय जाडजूड. सरडे, सापसुरळ्या, उंदीर हे त्याचे अन्न. म्हणजे शेतकऱ्याचा तो मित्रच.

तरी त्याच्यावर संकट आहे. त्याला विरळ सागवान आणि ढोली असलेली जुनी झाडे लागतात, आणि शेतीसाठी झाडे तुटत चालली आहेत. तोडणारा माणूस हौसेखातर तोडीत नाही, त्यालाही पोट आहे. शहरात बसून त्याला दोष देणे सोपे. परंतु पिंगळ्याचे अवयव, अंडी मंत्रतंत्रासाठी काढणे, घुबड दिसले की दगड मारणे, हे पोटासाठी नव्हे. ते आपल्याही घरांतून चालत आलेले आहे. आजीबाईंनी रागावू नये. पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातून धान्य घालतो, आणि त्याच नावाच्या पाखराला अपशकुनी म्हणतो! कायद्याने हा पक्षी पहिल्या अनुसूचीत आहे; त्याला मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे.

आता सहलीविषयी. गाडीने नंदुरबार, तेथून शहादा, म्हसावदमार्गे घाट. पहिल्या सकाळी पायथ्याशीच थांबू, कारण पिंगळा वर यशवंत तलावाशी नव्हे, खालच्या रानात भेटण्याचा संभव अधिक. कपडे मातकट रंगाचे घालावेत. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा खेळ कोणी करू नये. तो हद्द राखण्यासाठी धावून येतो आणि अंड्या-पिल्लांकडे दुर्लक्ष होते. पक्षी दिसेलच अशी हमी मी देत नाही. दिसल्यास ढोलीजवळ न जाता लांबून पाहावे. पाड्यावरच्या मुलांना बरोबर घ्यावे. झाडे त्यांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असतात. पहाटे थंडी असते, तेव्हा लहानांना कानटोपी हवी. डबा ज्याने त्याने आणावा, चहाची सोय ट्रस्ट करील, आणि नावे उद्या सायंकाळपर्यंत कार्यालयात द्यावीत.