अकोल्याचं विमानतळ बेलोऱ्याला आहे

अकोलेकर मंडळी, विषय दिलाय अमरावती–अकोला हवाई अंतराचा. मी अमरावतीचा आणि बोलतोय अकोल्यात, म्हणून सभागृहाचं मागचं दार आधीच पाहून ठेवलंय. (हशा)

तुमच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीची कथा तुम्हाला काय सांगायची? 1943 ची पट्टी, विस्तारासाठी कृषी विद्यापीठाची जमीन, आणि त्या विस्ताराचं भिजत घोंगडं. सगळं पाठ आहे तुम्हाला. पुढे जातो.

शिवणी ते आमचं अमरावतीचं बेलोरा विमानतळ सरळ रेषेत साधारण 70 किलोमीटर. विमानाच्या ताशी 500 किलोमीटर वेगानं भागा, साडेआठ मिनिटं. मोबाइल असंच काहीतरी सांगतो आणि आपण हुरळतो. अहो, एटीआर विमानाला पुरती उंची गाठायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर बेलोरा खालून निघून जाईल! स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे दोन मिनिटांचं विमान आहे, पण तिथं मधे समुद्र आहे. आपल्या मधे मूर्तिजापूर आहे. (हशा)

मूर्तिजापूरला हसू नका. त्याच पट्ट्यात, लोणी ते माना, जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर रस्त्याचं डांबरीकरण झालं. गिनीजमध्ये नोंद आहे. आधीचा विक्रम कतारचा होता. एका लेनचे 75, म्हणून नाक मुरडणारे दोन लेनचे साडेसदतीसच म्हणतात. म्हणू द्या. वर मृगाआधीचं वऱ्हाडी ऊन, खाली दीडशे अंशांच्या घरातला माल, आणि तो निवायच्या आत रोलर फिरलाच पाहिजे. डंपर अडला की पेव्हर अडला, पेव्हर अडला की विक्रम गेला. रात्रंदिवस, ताशी 700 मीटर! मला तर विमानापेक्षा याच वेगाचं कौतुक...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं राहिली म्हणे. बरं, मुद्दा.

16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. धावपट्टी 1850 मीटर, विमान सत्तर-बहात्तर खुर्च्यांचं, आणि सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. ते रोज उडवायचं तर खुर्च्या भरायला हव्यात. एकटी अमरावती किती भरणार? अकोल्यानंही यायला हवं, आणि ते अवघड नाही. अकोला ते बडनेरा रेल्वेनं सुमारे 80 किलोमीटर, मेन लाइन, एक्स्प्रेसनं तासाभराचं काम. बडनेऱ्याहून बेलोरा हाकेवर. म्हणून म्हणतो, अकोल्याचं विमानतळ बेलोऱ्याला आहे.

('मंग शिवनीचं काय?' असा मागून आवाज.)

शिवणी वाढवा की! मी कुठं अडवतोय? पण दोन गावांतून दोन अर्धी विमानं उडवाल तर दोन्ही बंद पडतील. आधी एक तुडुंब भरू द्या, मग दुसरं मागायला तोंड राहील. त्यासाठी बडनेरा स्टेशनबाहेर विमानाची वेळ धरून एक बस हवी. पाटीवर अमरावतीचं नाव खुपत असेल तर नुसतं 'बेलोरा' लिहा, माझी हरकत नाही.