रुमालाखालचा सौदा

जुन्या काळी धान्याच्या बाजारात भाव ठरविण्याची एक रीत होती. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर एक रुमाल पडे आणि त्या रुमालाखाली बोटे दाबून सौदा तुटे. ढिगाशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास ती बोटे दिसत नसत. दिसे तो केवळ रुमाल. माल त्याचा, घाम त्याचा, आणि किंमत मात्र त्याच्या डोळ्यांआड. ह्या रीतीस हत्ता पद्धत असे म्हणत. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार उभा राहिला. महाराष्ट्राचा शेती उत्पन्न बाजाराचा कायदा १९६३ मध्ये झाला. उघड लिलाव, खरे वजन आणि हाती हिशेबपट्टी, ह्या तीन गोष्टी शेतकऱ्यास मिळाव्यात हा त्या कायद्याचा हेतू. रुमाल अशा रीतीने बाजारातून उठला. तथापि तो खरोखर नाहीसा झाला, की हातांवरून निघून हिशेबाच्या वहीवर जाऊन पडला, हे पाहण्यासारखे आहे.

लातूर आणि नांदेड ह्या शहरांस लपविलेला व्यवहार नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्याची जकात स्वतंत्र होती. तिला करोडगिरी म्हणत. नाणेही स्वतंत्र होते. इंग्रजी रुपया तो कलदार, निजामाचा तो हाली. आणि शंभर कलदारांस हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै पडत. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा रूळ लातुरास येऊन पोहोचला, आणि येथील माल बार्शीच्या वाटेने इंग्रजी हद्दीत उतरू लागला. जेथे हद्द तेथे नाका, आणि जेथे नाका तेथे आडवाट, हा जगाचा नियमच आहे. त्या काळी कर चुकवावयाचा म्हणजे माल लपवावा लागे. पुढे १ एप्रिल १९५० पासून भारतीय आयकराचा कायदा ह्या मुलुखास लागू झाला, आणि त्यानंतर काही वर्षांत करोडगिरीचे नाकेही उठले. माल लपविण्याचे कारण सरले. लपवावयास उरला तो आकडा.

आकडा लपविण्याच्या वाटा साध्या आहेत. गंजगोलाईसारख्या पेठेत असो की नव्या वसाहतीतील दुकानात, गिऱ्हाइकास हसतमुखाने विचारले जाते, ‘बिल हवे काय? मग कर वेगळा पडेल.’ गिऱ्हाईक चार पैसे वाचले म्हणून संतुष्ट होते आणि कच्ची चिठ्ठी खिशात घालून घरी जाते. प्लॉटाच्या व्यवहारात ठरलेली किंमत एक आणि खरेदीखतात लिहिलेली दुसरी. मधली रक्कम पिशवीतून जाते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा ह्यास आळा बसेल अशी आशा होती. परंतु काही चतुर मंडळींनी माल न हलविता नुसती बिलेच फिरविण्याचा धंदा त्यातून काढला. शिवाय शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. ही सवलत पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या कुणब्यासाठी आहे. पण तिच्या आडोशाने शहरातील कमाईसही शेतीचे पीक म्हणून दाखविण्यात येते.

ह्या रोगावर औषधे पुष्कळ झाली. दुसऱ्या महायुद्धात भावनियंत्रण आणि रेशन आले, आणि काळा बाजार हा शब्द घरोघर पोहोचला. १२ जानेवारी १९४६ रोजी पाचशे रुपयांच्या आणि त्यावरील नोटा रद्द झाल्या. युद्धातील नफेबाजांचा माग काढण्यासाठी १९४७ मध्ये चौकशी आयोगाचा कायदा झाला. १९७८ मध्ये पुन्हा मोठ्या नोटा गेल्या, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटांची तीच गत झाली. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाप्रमाणे त्या शेवटच्या खेपेस रद्द झालेल्या नोटांपैकी शेकडा ९९ हून अधिक बँकांत परत आल्या. नोट हे रोगाचे घर नव्हे, केवळ त्याचा अंगरखा होय, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

जबर करामुळेच माणूस चोरटा होतो, असे म्हणणारेही आहेत. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह शेकडा ९७.७५ होता, अशा वेळी हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. परंतु १९९७ मध्ये तो दर तिसावर आला, तरी कच्ची चिठ्ठी बाजारातून गेली नाही. १९८५ च्या सुमारास एका राष्ट्रीय संशोधन संस्थेने काळे उत्पन्न देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे एक पंचमांश असल्याचे अनुमान काढले होते.

छापे पडतात तेव्हा गावात चार दिवस चर्चा होते. ऑगस्ट २०२२ मध्ये जालन्यात आयकर खात्याचे अधिकारी लग्नाच्या वऱ्हाडाच्या चिठ्ठ्या लावलेल्या मोटारींतून आल्याची बातमी देशभर गाजली. मे २०२४ मध्ये नांदेडात वित्तव्यवसायातील काही पेढ्यांवर छापे पडले, आणि सुमारे १४ कोटींची रोकड व ८ किलो सोने हाती लागल्याचे वृत्तपत्रांनी छापले. रोकड मोजण्यास किती तास लागले ह्याचीच लोकांस नवलाई. तथापि असल्या बातम्यांनी एक गैरसमज पक्का होतो. करचुकवेगिरी म्हणजे बड्यांनी सरकारला घातलेली टोपी, सामान्य माणसाचे त्यात काय जाते, असे ऐकणाऱ्यास वाटू लागते. वस्तुस्थिती ह्याच्या उलट आहे. लपविलेल्या व्यवहारात पहिले नुकसान सरकारचे होत नाही; ते सौद्यातील दुबळ्या पक्षाचे होते.

लातूरच्या आडतीवर तूर किंवा सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याचेच पाहावे. मालाची नोंद न करता, बाजार फी चुकवून, सौदा झाला तर दोन रुपये जादा देऊ, असे त्यास सांगितले जाते. तो कबूल होतो. महिन्याने व्यापारी पैसे देईना, तेव्हा तो बाजार समितीच्या कचेरीत जातो. तेथे पहिला प्रश्न येतो, हिशेबपट्टी कोठे आहे? त्याच्या हाती असते ती सहीविना आकडे लिहिलेली चिठोरी. दोन रुपयांस त्याने आपली साक्ष विकलेली असते. हमालाचेही तेच. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांच्या मजुरीवर मालकाने लेव्ही भरावयाची आणि तीतून हमालाच्या भविष्य निधीची सोय व्हावयाची. पोत्यांची नोंदच नसेल तर लेव्ही कशाची भरावयाची? पाठीवरून पोते गेले, पण म्हातारपणाच्या पुंजीत त्याचे काहीच पडले नाही.

जमिनीच्या बाबतीत हा न्याय एका माणसापुरता न राहता सबंध गावास भोवतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमिनीचा मोबदला ठरविताना त्या परिसरातील मागील तीन वर्षांची नोंदविलेली खरेदीखते पाहिली जातात. नागपूर-रत्नागिरी महामार्ग लातूर आणि नांदेड ह्या दोन्ही जिल्ह्यांतून गेला आहे. अशा मार्गालगतच्या गावांत वर्षानुवर्षे मुद्रांकाचे पैसे वाचविण्यासाठी खतात निम्मी किंमत लिहिण्याचा प्रघात असेल, तर मोजणीचा दिवस उजाडताच त्याच निम्म्या किमती शेजाऱ्याच्या वाट्याला येतात. ज्याने कधी एक गुंठाही विकला नाही, त्याच्या मोबदल्यातून दुसऱ्यांच्या लबाडीची भरपाई होते. लिहिलेला आकडा खोटा असला तरी कायद्यास तोच खरा धरावा लागतो.

आणि मग खजिना. ज्याचे उत्पन्न उघड असते, तो नोकरदार पगारातूनच कर भरतो. ज्याचे उत्पन्न तुटपुंजे असते, तो साबणाच्या वडीवर आणि औषधाच्या बाटलीवर कर भरतो. लपविणाऱ्याच्या वाट्याचे ओझे ह्या दोघांवर येते. १२ एप्रिल २०१६ रोजी दुष्काळाने सुकलेल्या लातुरात मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा टाक्यांची आगगाडी आली. मिरज आणि लातूर ह्यांना एके काळी बार्शी लाइट रेल्वेनेच जोडले होते. त्या दिवशी नळाखाली हंडा लावताना कोणी कर भरला आणि कोणी चुकविला हे पाण्याने विचारले नाही, आणि तसे विचारणे उचितही नव्हते. परंतु ती गाडी कोणाच्या तरी भरलेल्या करावर धावली, हे विसरून चालणार नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन बसणारी बाई बिल देत नाही, म्हणून ती करचुकवी ठरत नाही. वर्षाला चाळीस लाखांखालील मालाच्या विक्रीस वस्तू व सेवा कराची नोंदणीही सामान्यतः सक्तीची नाही. गरिबीमुळे वहीबाहेर राहिलेला व्यवहार निराळा आणि हिकमतीने वहीबाहेर ठेवलेला निराळा. सरकारचेही कर्तव्य आहेच. फॉर्म सोपे असावेत, खरे लिहिणाऱ्यास हेलपाटे पडू नयेत, आणि वेळोवेळी माफीच्या योजना काढून प्रामाणिक माणसास मूर्ख ठरविले जाऊ नये. १९५१ पासून १९९७ पर्यंत उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याच्या अशा योजना किती तरी वेळा निघाल्या. दर खेपेस थांबून राहिलेला शहाणा ठरला आणि वेळेवर भरणारा भोळा.

कायदे, आयोग आणि छापे आपापल्या जागी राहोत. रुमाल प्रथम उठतो तो घराच्या उंबऱ्याशी. दुकानात बिल मागणारी गृहिणी, खतात पुरी किंमत लिहिण्याचा आग्रह धरणारा गृहस्थ आणि हिशेबपट्टी घेतल्याविना गाडी न जुंपणारा शेतकरी, ह्यांना सरकारवर उपकार करावयाचा नसतो. आपल्या मालाची, कष्टाची आणि घराची साक्ष ते आपल्या हाती ठेवत असतात. ज्या सौद्यात आपली बोटे रुमालाखाली नाहीत, त्या सौद्यात रुमाल कोणाच्या सोयीचा असतो, हे कारंजाच्या बाजारात १८८६ मध्येच उमगले होते.