कोल्हापूरला कार्बन नवा नाही



मी गुळाचा अडत्या. बॅटरीतलं मला कळतं ते पाहुण्यांना चार्जर शोधून देण्याइतपत. तरी प्राध्यापक मंडळींनी या परिषदेच्या स्वागताध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं, कारण वर्गणीला अडत्याच बरा.

पण परिषदेचा विषय कार्बनचे इलेक्ट्रोड, आणि कार्बनची कांडी म्हटली की कोल्हापूरकराला सिनेमा आठवतो आणि ऊर भरून येतो. ही कलामहर्षी बाबुराव पेंटरांची नगरी! सिनेमाचा कॅमेरा विलायतेहून यायचा त्या काळात बाबुरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून तो इथं घडवला. 1920 साली ‘सैरंध्री’ काढला आणि लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. ‘प्रभात’ फिल्म कंपनीसुद्धा 1929 साली इथंच जन्मली, पुण्याला गेली ती 1933 मध्ये. पुणेकर पाहुणे आहेत, म्हणून सांगून ठेवलं.

लहानपणी आम्ही थेटरातल्या मशीनच्या खोलीत डोकवायचो. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये डोळे दिपवणारा जाळ, आणि ऑपरेटर काळ्या काचेतून बघत त्या पुढं सरकवायचा. जरा चुकला की पडदा अंधारायचा आणि पिटातून शिट्ट्या. उरलेली थोटकं आम्ही भिंतीवर रेघोट्या मारायला पळवायचो. त्यांच्यावर तांब्याचा पातळ मुलामा असे. तो वीज नीट वाहावी म्हणून, हे मला या परिषदेच्या तयारीत कळलं. म्हणजे तुमचा विषय आम्ही चड्डीच्या खिशात घेऊन फिरत होतो!

परवा एका संशोधक मुलीनं कार्बनच्या नमद्याचे दोन तुकडे दाखवले. “काका, व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत हेच इलेक्ट्रोड.” एकावर पाण्याचा थेंब टाकला, तो अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसला. दुसरा तुकडा भट्टीत हवेवर 400 अंशांना 30 तास तापवलेला. त्यानं थेंब गिळूनच टाकला. तापवल्यानं तंतूंवर ऑक्सिजनचे गट येतात आणि कार्बन ओला व्हायला राजी होतो. फार तापवला तर मात्र जळून जातो. गुळाचंही तेच.

आता आमच्या व्यवस्थेतल्या उणिवा. पोस्टरच्या फळ्या कमी पडल्या. मंडपवाल्याकडून आणल्यात, रंग जुळत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी सकाळी सहा ते आठच. माफी असावी. शाहूपुरीतल्या व्यापारी बंधूंनी प्रत्येकाला गुळाची एकेक ढेप दिली आहे, आणि शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांनी जेवणाचा सारा खर्च उचलला; नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून घेत नाही. दोघांचे, आणि रात्रभर खुर्च्या मांडणाऱ्या पोरांचे मनापासून आभार.

जेवण एक वाजता. तिखटाची सवय नसणाऱ्यांनी पांढऱ्या रश्शापासून सुरुवात करावी.