घरातील धूळ आणि झोपणाऱ्याचा श्वास



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काही जण मनात हसले असतील. ज्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, राजकारण, वाङ्मय यांचा ऊहापोह व्हावयाचा, तेथे केरसुणी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मनुष्य आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा बिछान्यात घालवतो, आणि त्या वेळी श्वासाबरोबर काय आत जाते याचा विचार तो क्वचितच करतो. तो विचार आज आपण करू.

प्रारंभी आमच्याच घरातली एक चूक सांगतो. आमच्या धाकट्या मुलाला लहानपणी दम्याचा त्रास असे. दसऱ्यापूर्वीची साफसफाई आमच्याकडे मोठ्या निष्ठेने होई. माळ्यावरचे बिछाने खाली यावयाचे, गाद्या खोलीतच बडवल्या जावयाच्या, कोरड्या केरसुणीने कानाकोपरा झाडला जावयाचा. संध्याकाळी घर लख्ख दिसे. आणि त्याच रात्री मुलगा भिंतीला टेकून बसलेला असे, त्याच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत असे. तीन वर्षे असेच घडले. आम्ही हवेला दोष दिला, दह्याला दिला, केळ्याला दिला. केरसुणीला मात्र दिला नाही. अखेर एका डॉक्टरांनी विचारले, "गाद्या झाडता तेव्हा मूल कोठे असते?" तेव्हा आमचे डोळे उघडले. धूळ आम्ही घराबाहेर काढलीच नव्हती. ती जमिनीवरून उचलून मुलाच्या छातीत घातली होती.

ही धूळ म्हणजे केवळ रस्त्यावरची माती नव्हे. तिच्यात कपड्यांचे तंतू असतात, चुलीची काजळी असते, बुरशी असते, झुरळांचे अवशेष असतात आणि आपल्याच अंगावरून रोज गळणारा त्वचेचा बारीक कोंडा असतो. या कोंड्यावर एक जीव पोसला जातो. त्याला आपण धूळकिडा म्हणू. खरे पाहता तो किडा नव्हे, आठ पायांचा, कोळ्याचा दूरचा भाऊबंद होय. लांबी मिलिमीटरचा सुमारे तिसरा-चौथा हिस्सा. म्हणून नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो ढेकणासारखा चावत नाही, रक्त पीत नाही. मग त्याचा उपद्रव कोणता? त्याची विष्ठा! तिचे सूक्ष्म गोळे हवेत उडतात, नाकातोंडावाटे आत जातात, आणि ज्याच्या प्रकृतीला ते सोसत नाहीत त्याला शिंका, सर्दी, दमा अथवा अंगावरची खाज जडते.

घरातील धुळीने दमा उठतो, हे वैद्यकाला १९२० च्या सुमारासच कळले होते. पण धुळीतील नेमके काय, हे कोडे होते. हॉलंडमधील लायडन या गावी त्या काळात स्टॉर्म व्हान लेवेन नावाच्या वैद्याने रोग्यांना शुद्ध हवेच्या खास खोल्यांत ठेवले, तेव्हा पुष्कळांना आराम पडला. त्याच गावी १९६४ साली वूरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सूक्ष्म जीवाकडे बोट दाखवले. हॉलंड हा पाण्याने वेढलेला, ओलसर घरांचा देश. तेथेच हे कोडे सुटावे यात नवल नाही. कारण धूळकिडा पाणी पीत नाही. तो हवेतला ओलावा अंगात शोषून जगतो. हवेची आर्द्रता पुष्कळ दिवस पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली, तर तो सुकून मरतो.

आता त्याचे बिऱ्हाड कोठे, ते पाहा. त्याला खाण्यास कोंडा हवा, ऊब हवी, ओल हवी. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या गादीत आणि उशीत; तेथे आपण रात्रभर घाम गाळतो आणि अंग घासतो. शिवाय ते गोळे जड असल्यामुळे उडाले तरी बहुतेक अर्ध्या तासाच्या आत खाली बसतात. म्हणजे दिवाणखान्याच्या हवेपेक्षा उशीवर टेकलेल्या नाकालाच त्यांचा जास्त धोका. आमचे मुख्य सांगणे ते हेच. आपली स्वच्छता पाहुण्याच्या डोळ्यांसाठी असते. ती झोपणाऱ्याच्या श्वासासाठी असली पाहिजे.

उपाय खर्चाचे नाहीत. पहिला, ऊन. देशावर चैत्र-वैशाखात दुपारची हवा कमालीची कोरडी असते. गोधड्या, चादरी, पातळ गाद्या गच्चीवर कडक उन्हात पसराव्या व मधून मधून उलटाव्या. जाड गादीत मात्र ऊन आतवर पोचत नाही, आणि किडे आत सरकतात. तेथे एका दिवसाने भागत नाही. कोकणात आणि मुंबईस समुद्रामुळे उन्हाळ्यातही हवा दमट असते, म्हणून तिकडे धुण्यावर भर द्यावा.

दुसरा उपाय, पाणी. ऊन किड्याला मारील, पण त्याची विष्ठा नाहीशी करणार नाही. ती पाण्याने निघते. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंश सेल्सिअस तपमानाच्या, म्हणजे हात घालवत नाही इतक्या कढत पाण्यात भिजवावे. जी गादी धुता येत नाही तिला आणि उशीला घट्ट विणीची खोळ चारी बाजूंनी घालावी.

तिसरा उपाय झाडण्याच्या रीतीचा. अंगण झाडण्यापूर्वी पाणी शिंपडण्याची आपल्या आज्यांची चाल होती, ती उगीच नव्हती. लादी ओल्या फडक्याने पुसावी. फडताळे व पंख्याची पाती झटकू नयेत, पुसावीत. गाद्या झाडावयाच्या त्या घराबाहेर, नाकाला फडके बांधून. दमेकरी माणसाने त्या वेळी दूर राहावे. धूळ ओढणारे यंत्र घ्यावयाचेच, तर बारीक गाळणी असलेले घ्यावे. नाहीतर एकीकडून ओढलेली धूळ ते दुसरीकडून परत देते. झोपण्याच्या खोलीत गालिचा नको, जाड पडदे नकोत, आणि ओले कपडे वाळत घालणे तर नकोच. सकाळी उठल्याबरोबर बिछान्यावर जड पलंगपोस ओढू नये. रात्रीची ओल थोडी निघून जाऊ द्यावी.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. प्रत्येक दमा धुळीचा नसतो. तुमचा कशाचा, ते डॉक्टरांनी ठरवावे. शिवाय एखादीच खोळ घातली आणि दमा गेला, असे होत नाही. २००८ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी पन्नासाहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा धूळकिड्यांविरुद्धच्या उपायांनी दम्यात लक्षणीय फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही. उलट, अमेरिकेतील सात शहरांतल्या नऊशेहून अधिक मुलांची जी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ज्या मुलाला ज्या वस्तूची बाधा, ती ओळखून बिछाना, झुरळे, तंबाखूचा धूर या साऱ्यांवर एकदम उपाय केले गेले. तेथे मुलांच्या त्रासाचे दिवस कमी झाले. तात्पर्य, अर्धवट उपाय फळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घर स्वच्छ केले म्हणून औषध बंद करू नये. पंपाची सवय लागते, असा समज घरोघर आहे. तो खोटा आहे. त्या समजापायी पंप फडताळात राहतो आणि मूल रात्रभर तडफडते.

आमचा मुलगा आता मोठा झाला आहे. त्याचा दमा समूळ गेला असे आम्ही म्हणणार नाही. औषध चालूच आहे. पण दसऱ्याच्या आधीची ती रात्र आता आमच्या घरात सगळे जण झोपून काढतात. एवढे आम्हांस पुष्कळ आहे.

श्रोतेहो, सध्या वसंत आहे. मृगाला अजून अवकाश आहे, ऊन फुकट आहे आणि गच्ची मोकळी आहे. आज घरी गेल्यावर हे व्याख्यान विसरलात तरी आमची तक्रार नाही; मात्र उद्या सकाळी बिछाने बाहेर काढण्यास विसरू नका, आणि काढताना घरातले मूल कोठे आहे, ते आधी पाहा.