अल्पविद्राव्य क्षार

मीठ पाण्यांत विरघळतें, खडू विरघळत नाहीं, ही सर्वांची समजूत. परंतु, श्रोतेहो, रसायनशास्त्रास ती अपुरी वाटते. खडूसारखे क्षारही किंचित् विरघळतातच. म्हणून त्यांस अल्पविद्राव्य म्हणतात. हा ‘किंचित्’ कधीं कधीं जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

बेरियमचे सुटे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, शरीरास विषारी असतात. तरीही क्ष-किरणांनीं जठर तपासण्यापूर्वीं रोग्यास बेरियम सल्फेट पाजतात. लिटरभर पाण्यांत तें जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतें. बाकीचें जसेंच्या तसें शरीराबाहेर पडतें.

बेरियम कार्बोनेटही असेंच पांढरें आणि अल्पविद्राव्य. मग तें घातक कां? अल्पविद्राव्य क्षाराच्या घन कणांतून आयन सतत सुटतात व पुन्हां त्यांस येऊन मिळतात. सुटणें आणि मिळणें समसमान झालें कीं समतोल साधतो. जठरांतील आम्ल मात्र कार्बोनेटाचें पाणी व कार्बन डायऑक्साइड करून टाकतें. जोडीदारच उरला नाहीं, म्हणजे बेरियमचे आयन सुटतच राहतात. सल्फेटाचें आम्लापुढें असें कांहीं होत नाहीं. २००३ सालीं ब्राझीलमध्यें या तपासणीच्या औषधांत कार्बोनेटाची भेसळ राहिली आणि अनेक रोगी दगावले.

विषबाधेवरील उपायही याच नियमांत आहे. डॉक्टर विद्राव्य सल्फेट देतात. त्याच्या योगानें पोटांतील बेरियमचा पुन्हां अल्पविद्राव्य सांका बनतो.

तेव्हां क्षार विरघळतो कीं नाहीं, एवढेंच विचारून भागत नाहीं. तो कोणाच्या संगतींत आहे, हेंही विचारावें लागतें.