चेटकिणीला उत्तर कोण देणार?
(मंडळाच्या पालकसभेत एका आजीने केलेलं भाषण)

मला पाचच मिनिटं दिली आहेत, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' मी मुंबईला शाळेत असताना पाहिलं. चेटकीण होते दिलीप प्रभावळकर. आईच्या पदराआड लपून मी एका डोळ्याने बघत होते! २०१८ साली ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं, चेटकीण झाले वैभव मांगले. आम्ही तेव्हा भारतात गेलो होतो. म्हटलं, नातीला दाखवू या. ती पाच वर्षांची. नाट्यगृहातली सगळी मुलं चेटकिणीला ओरडून उत्तरं देत होती. आमची मात्र गप्प. सगळे हसले की शेजारच्या मुलाकडे बघून मग ही हसायची. घरी मराठी बोलते हो, पण तेवढं भराभर तिला पोचत नव्हतं.

पुढे ऑकलंडला टाकापुनाच्या पंपहाउस थिएटरमध्ये मुलांचं इंग्रजी नाटक पाहिलं. पुपुके तळ्याकाठचं जुनं पाण्याचं पंपघर ते! तिथे हीच मुलगी खुर्चीवर उभी राहून ओरडली, "मागे बघ!" अर्थात इंग्रजीत. नटाने वळून तिच्याकडे पाहिलं. केवढी फुलली पोर!

टीव्हीवरचा नट असा वळून बघत नाही. म्हणून या दिवाळीला पडद्यावर सिनेमा नको. वीस मिनिटांचंच, पण मुलांना मराठीत ओरडावं लागेल असं नाटक आपण करू या. पाठांतर चुकलं तर चुकलं. चेटकीण मी होते, नाक माझं तयारच आहे!