हातापायांच्या नसा आणि कुष्ठरोग

मेंदू आणि मज्जारज्जू यांना हातापायांशी जोडणाऱ्या चेतांना आपण बोलताना नसा म्हणतो. स्पर्श, वेदना, उष्णता यांची खबर त्या मेंदूकडे नेतात आणि स्नायूंना हालचालीचा आदेश पोहोचवतात.

हातात अशा तीन मुख्य नसा आहेत. अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून जाते. तिथे धक्का बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. मीडियन नस मनगटाच्या मधोमध असते, तर रेडियल नस दंडाच्या हाडाला वळसा घालते. पायात गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला पेरोनियल आणि घोट्याच्या आतल्या बाजूला टिबियल नस असते.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेचे डॉ. हान्सेन यांनी शोधला. तो शरीराच्या थंड भागांत वाढतो, म्हणून त्वचेजवळच्या या नसांना त्याची झळ बसते. अल्नर निकामी झाली की करंगळी आणि शेजारचे बोट आखडते. पेरोनियल निकामी झाली की चालताना पाऊल उचलत नाही. टिबियल बिघडली की तळव्याला काटा टोचलेला कळत नाही, आणि जखम चिघळत जाते.

त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर लगेच सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगावरचे औषध तिथे मोफत मिळते आणि ६ ते १२ महिन्यांत रोग बरा होतो. मात्र नस कायमची निकामी होण्याआधीच उपचार सुरू करा.